श्वास गाडीचा, जीव आपला

‘मॅडम, हवा तर चाकात भरतात. इंजिनाला कशाला लागते हवा?’ गाडी शिकायला येणाऱ्यांपैकी एखादी तरी हा प्रश्न विचारतेच. आमच्या तालुक्याच्या गावात मी बायकांना मोटार चालवायला शिकवते. क्लच, गिअर, रिव्हर्स सगळं जमतं हो त्यांना. पण बॉनेट उघडलं की दोन पावलं मागे! ‘ते ह्यांचं खातं’ म्हणतात. मैत्रिणींनो, स्टिअरिंग आपल्या हातात असेल तर ते आपलंही खातं आहे. म्हणून आज जरा आत डोकावू या.

चुलीत नुसती लाकडं कोंबली तर धूरच होतो. फुंकणीने हवा घातली की जाळ धरतो. गॅसच्या बर्नरची भोकं तुंबली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. इंजिनाचंही तसंच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे साधारण 11 किलो, जवळजवळ 9 हजार लिटर हवा! ही सगळी हवा जाते ती एका घड्याघड्यांच्या एअर फिल्टरमधून.

ऊसवाहतुकीच्या दिवसांत आपल्याकडचे रस्ते कसे असतात ते सांगायला नको. फिल्टर धुळीने बुजला की गाडी पिकअप घेत नाही, चढावर दमते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोलही जास्त जळायचं, काळा धूर यायचा. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हवा कमी झाली तर पेट्रोलही त्या मापानेच सोडलं जातं. त्यामुळे ॲव्हरेज फारसं बिघडत नाही, जोर मात्र कमी होतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली चाचण्या घेतल्या, त्यात हेच दिसलं. म्हणून ‘ॲव्हरेज तर ठीक आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. सर्व्हिसिंगला फिल्टर काढून समोर दाखवायला सांगा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो, आपटून झाडायचाही नसतो. फाटलेल्या फिल्टरमधून धूळ थेट इंजिनात जाते.

आता दुसरी गोष्ट, व्हॅक्यूमची. शहाळ्यातली नळी बोटाने चिमटून ओढून बघा, गाल आत जातात. पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेच्या वाटेवरची एक झडप उघडते. पाय काढला की झडप जवळजवळ मिटते, पण इंजिन आतून ओढतच राहतं. त्यामुळे झडपेमागे जी पोकळी तयार होते, तिला म्हणतात व्हॅक्यूम. तिथून निघालेला एखादा रबरी पाईप तडकला किंवा उंदराने कुरतडला तर फिल्टरला चुकवून चोरवाटेने हवा शिरते. मग उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज आपोआप वर-खाली होतो, ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, कधी समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी उगाच बंद पडायला लागते.

पण खरं सांगायचंय ते पुढेच. यातलाच एक जाड पाईप ब्रेकच्या बूस्टरला जातो. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला मागे डब्यासारखा काळा गोल दिसतो, तो बूस्टर. या व्हॅक्यूमच्या जोरावर आपल्या पायाची ताकद कितीतरी पटीने वाढते, म्हणून नाजूक चप्पल घालूनही एवढी मोठी गाडी थांबते. डिझेल गाडीत हे काम वेगळा पंप करतो. पण बहुतेक गाड्यांत तोही इंजिनावरच चालतो.

आणि आपल्याकडे सल्ला काय मिळतो? ‘घाट उतरताना गाडी बंद करून सोडायची, पेट्रोल वाचतं.’ कृपा करून हे ऐकू नका! इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण सगळी ताकद लावून. पॉवर स्टिअरिंग जड होतं, चावी काढली तर लॉकही होऊ शकतं. वळणावर समोर एस.टी. आली तर काय कराल?

नुसतं न्यूट्रल करून उतरणंही चुकीचं. सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि पकड सोडतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडीला ओढून धरतं. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. मग बंद करून वाचवलं काय?

बूस्टरची तपासणी घरच्या अंगणात होते. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. ते तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही तर गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पावसाळ्यासाठी एक सूचना. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने पाणी आत गेलेलं असलं तर पाणी दाबलं जात नाही, इंजिनाचे दांडे वाकतात आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. ढकलून बाजूला घ्या आणि मेकॅनिकला ‘आधी फिल्टर ओला आहे का बघा’ म्हणून सांगा. बाईने एवढं नेमकं सांगितलं की समोरचाही नीट लक्ष देऊन काम करतो, हा माझा अनुभव आहे.