ताप नसलेला जंतुसंसर्ग

म्हातारी काल संध्याकाळपर्यंत पारावर गप्पा मारत होती. आज पोटच्या मुलालाच विचारते, "तू कोण रे?" भाकरीला हात लावत नाही. कपाळ गार. घरचे म्हणतात, वय झालं. पण वय असं एका रात्रीत होत नाही!

उतारवयात सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर माजलेला गोंधळ, अनेकदा असाच येतो. ताप हा शरीराने पेटवलेला जाळ असतो. म्हाताऱ्या देहात तो कधीकधी पेटतच नाही. जंतू लघवीत किंवा फुफ्फुसात असतात, आणि नासधूस बरीचशी शरीराच्याच प्रतिकारातून होते. रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो. मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून बरळणं, मूत्रपिंडाला कमी पडतं म्हणून लघवी आटणं. श्वास मिनिटाला २२ च्या पुढे गेला, तर घड्याळाकडे बघायची वेळ झाली.

मला थक्क करते ती बोटाची खूण. बोटाचं पेर १० सेकंद दाबायचं. ते पांढरं पडतं. सोडल्यावर लाली परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, तर रक्त कडेपर्यंत नीट पोचत नाहीये. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या ४२४ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचे उपचार रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) मोजून चालवले, काहींचे बोट दाबून. बोटवाल्यांत मृत्यू कमीच दिसले, पण विजय जाहीर करण्याइतका तो फरक पक्का नव्हता. साधं बोट महागड्या तपासणीपुढे हरलं नाही, एवढं मला पुरे आहे. अर्थात हात थंड असतील किंवा वय बरंच झालं असेल, तर लाली तशीही उशिरा परतते. म्हणून एकट्या बोटावर विसंबू नये.

दवाखान्यात मग घाई. रक्ताचा नमुना घेऊन लगेच प्रतिजैविक. रक्तदाब कोसळला असेल तर तासाभराच्या आत. पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली सलाईन, म्हणजे ५० किलोच्या आजीला दीड लिटर. हृदय थकलेलं असेल तर छाती पुनःपुन्हा ऐकत. तरी दाब चढला नाही, तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनॅलिन.

आजीच्या अणदूर गावाहून सोलापूरचा मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर आहे. म्हणून घरातल्या ओसरीवर गेलेला वेळ महाग पडतो. याच गावात डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. अशा बायका काय करू शकतात, ते गडचिरोलीत आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शिकवलेल्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांचा सेप्सिस घरीच ओळखला, जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली. दगावण्याचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथेही नुसत्या तापाची वाट पाहून भागत नव्हतं. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं, की त्या सावध होत.

आजीनेही काल रात्रीच भाकरी नको म्हटलं होतं.