तार की बिनतार? आधी ताप पाहा

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत इंडक्शन हार्डनिंग करणाऱ्या शेड आहेत. तांब्याच्या नळीचे वेटोळे असते, त्याला कॉइल म्हणतात. त्या कॉइलच्या मधोमध पोलादाचा शाफ्ट धरतात. कॉइल शाफ्टला कुठेही टेकलेली नसते. खाली कोळसा नाही, ज्योत नाही. बटण दाबले की काही सेकंदांत शाफ्टचा पृष्ठभाग लालबुंद होतो, मग त्यावर पाण्याचा फवारा पडतो आणि पोलाद कठीण होते. वाहनांचे कितीतरी भाग असे तयार होतात. रोज पाहणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही, पण न शिवता धातू तापवणे ही खरे तर मोठीच करामत आहे.

हीच करामत आता आपल्या उशाशी आली आहे. टेबलावर एक सपाट चकती असते. तिच्यावर मोबाइल नुसता ठेवायचा, तार खुपसायची नाही, आणि तो चार्ज होऊ लागतो. ज्यांच्याकडे असा बिनतारी चार्जर आहे, ते विचारतात, 'याने बॅटरी लवकर खराब होते का?' ज्यांच्याकडे नाही, ते विचारतात, 'तारेचा सोडून हा घ्यावा का?' दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या शेडमध्येच दडलेले आहे.

मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात दुसरे वेटोळे आणले की त्यात वीज वाहू लागते. यालाच आपण विद्युत प्रवर्तन म्हणतो. चार्जरच्या चकतीत एक कॉइल असते, फोनच्या पाठीत दुसरी. चकतीतल्या कॉइलमधली वीज सेकंदाला लाखाहून अधिक वेळा मागेपुढे होते, त्यामुळे भोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि फोनमधल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. भोसरीच्या शेडमध्ये या तत्त्वातून आपल्याला उष्णता हवी असते. फोनमध्ये मात्र वीज हवी असते, आणि उष्णता न बोलावता येते. सगळा प्रश्न आहे तो या बिनबोलावलेल्या पाहुणीचा.

ती बॅटरीला का सोसत नाही, हे कळण्यासाठी बॅटरीच्या आत डोकावायला हवे. आपल्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्या जडणघडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीत दोन पट्ट्या असतात. चार्ज करताना लिथियमचे विद्युतभारित कण एका पट्टीतून निघून दुसऱ्या, ग्राफाइटच्या पट्टीच्या पदरांत जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत फिरतात. ही येजा जितकी सुरळीत, तितकी बॅटरी तरुण.

पण ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो मुळात उपयोगाचा असतो, संरक्षण करतो. मात्र काळ जाईल तसा तो जाड होतो, आणि जाड होताना थोडे थोडे लिथियम कायमचे गिळत जातो. बोअरच्या जड पाण्याने बंबाच्या आत क्षारांचा थर बसतो ना, तसेच समजा. बंब दिसायला तोच असतो, पण पाणी कमी मावते आणि तापायला वेळ लागतो. उष्णता वाढली की हा पापुद्रा भराभर वाढतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल आणि त्याच वेळी तापलेली असेल, तर आणखीच वेगाने. 'पूर्वी दिवसभर पुरायचा, आता दुपारीच मान टाकतो,' अशी फोनची तक्रार आपण करतो, तिचे मूळ बहुधा इथे असते.

आता तार आणि बिनतार यांतला फरक पाहू. तारेने चार्ज करताना भिंतीवरच्या प्लगमधल्या ठोकळ्याला हात लावून पाहा, तो कोमट लागतो. म्हणजे बरीचशी उष्णता फोनपासून दूर, भिंतीपाशी राहिली. बिनतारी चार्जरमध्ये उष्णता चकतीत आणि फोनच्या पाठीत निर्माण होते. पाठीच्या आत, अगदी शेजारी, बॅटरी झोपलेली असते.

इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. तारेने चार्ज होणाऱ्या फोनचे सरासरी तापमान तीन तासांत २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले नाही. चकतीवर नीट ठेवलेल्या फोनचे ३०.५ अंशांपर्यंत चढले आणि नंतर हळूहळू उतरले. चकतीवर थोडा सरकून, वाकडा ठेवलेला फोनही तेवढाच तापला, पण लवकर तापला आणि जास्त वेळ तापलेला राहिला. नीट ठेवलेला ५५ मिनिटे, तर वाकडा ठेवलेला १२५ मिनिटे. कॉइलसमोर कॉइल आली नाही की चुंबकीय क्षेत्राचा मोठा भाग वाया जातो आणि आजूबाजूच्या धातूला तापवत बसतो.

याच कारणाने २०२३ मध्ये बिनतारी चार्जिंगच्या 'ची' या जागतिक मानकाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा चकतीत आणि फोनमध्ये चुंबकांची कडी बसवण्यात आली. फोन आपोआप योग्य जागी चिकटतो. नवा चार्जर घेणाऱ्याने हे चुंबक आहेत का, एवढे तरी विचारावे.

विजेच्या बिलाची काळजी मात्र करू नका. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास वीज मावते. बिनतारी पद्धतीत तारेपेक्षा रोज पाच ते आठ वॉट-तास जास्त जातात असे धरले, तरी वर्षाचा हिशेब दोन-तीन युनिटांचा होतो. खिशाला खरा चटका वीज देत नाही, अकाली बदलावी लागणारी बॅटरी देते.

आपल्या या पट्ट्यात हा चटका किरकोळ नाही. चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या पोराला ठेकेदाराचा निरोप फोनवर येतो, गावी आईला पैसे फोनवरून जातात, खोलीचे भाडेही फोनवरूनच. फोन बंद पडला की त्याचे सगळेच अडते. बॅटरी बदलायची म्हणजे मजुरीला कात्री, आणि नवा फोन घ्यायचा म्हणजे हप्ते.

म्हणून तारवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. तार निर्दोष असते असे नाही. जलद चार्जरला फोन लावायचा, जाड कव्हर तसेच ठेवायचे, वर त्याच वेळी गेम किंवा सिनेमा चालू ठेवायचा, असे केले तर तारेनेही फोन चांगलाच तापतो, शांतपणे चकतीवर पडलेल्या फोनपेक्षाही अधिक. रात्रपाळी करून आलेला माणूस फोन चार्जिंगला लावून उशीखाली सारतो. तिथे उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते, आणि पेट घेण्याचा धोका असतो तो वेगळाच.

सर्वांत वाईट जागा कोणती? नाशिक महामार्गावर, चाकणच्या आंबेठाण चौकात किंवा तळेगाव चौकात, एप्रिलच्या दुपारी वाहतूक तुंबलेली असताना गाडीच्या काचेखालची. वरून ऊन, फोनवर नकाशा चालू, आणि खाली बिनतारी चार्जर. तीन बाजूंनी उष्णता. दुचाकीच्या हँडलला फोन लावून सामान पोचवणाऱ्यांचीही तीच गत. फोन अशा वेळी चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नव्हे, तो फोनने स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न आहे. उन्हातून काढून त्याला सावलीत ठेवावे. थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, आत दमट धरतो.

मग बिनतारी चार्जरचा फायदा काहीच नाही का? आहे. मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांच्या फोनचे चार्जिंगचे छिद्र तेल, धूळ आणि बारीक किसाने भरते. पिन सैल होते, तार तिरकी धरून बसावे लागते. ज्याला तार खुपसायची नाही, त्याचे छिद्र टिकते. पण तिथेही एक पथ्य आहे. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो, आणि चकती व फोन यांच्यामध्ये धातू आला की शाफ्टसारखा तोच तापतो. चांगल्या चार्जरमध्ये असा धातू ओळखून थांबण्याची सोय असते, स्वस्त चार्जरमध्ये तिची खात्री नाही. तेव्हा चकती आणि फोनची पाठ पुसून घ्यावी. कव्हरच्या मागे खोचलेले नाणे, बँकेचे किंवा मेट्रोचे कार्ड आधी काढावे.

वाहनांच्या बॅटऱ्यांबाबत आपला उद्योग हाच धडा गिरवतो आहे. बजाजची 'चेतक' विजेवरच्या रूपात २०२० च्या जानेवारीत पुण्यात विक्रीला आली. पीएमपीच्या निगडी आगारात २०१९ पासून विजेवरच्या बस आल्या. दोन्हींना तारेनेच चार्ज करतात, आणि दोन्हींत बॅटरीच्या तापमानावर पहारा ठेवणारी यंत्रणा असते. लाखोंची बॅटरी ज्याला सांभाळायची आहे, तो उष्णता मोजतो. आपली बॅटरी हजारांची असली तरी नियम तोच.

काही जुन्या समजुतीही आता सोडून द्याव्यात. नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये, हे नियम निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचे होते. लिथियमला उलट थोडे थोडे भरलेले मानवते. साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवली तर ती जास्त टिकते. ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता अनेक फोनांत आहे, ती सेटिंगमध्ये शोधून सुरू करावी. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नवा नियम लागू केला. तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही मूळ क्षमतेच्या निदान ऐंशी टक्के उरली पाहिजे. आपणही दुकानात फोन घेताना कॅमेऱ्याबरोबर हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि बॅटरी फुगलीच, फोनची पाठ उचलली गेली, तर चार्जिंग त्या क्षणी बंद करावे. ती टोचू नये, दाबू नये, घंटागाडीत टाकू नये. कचऱ्यात चेपली गेली तर ती पेटते, आणि तो चटका कचरा वेचणाऱ्याला बसतो. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती दुकानात किंवा ई-कचरा केंद्रात द्यावी.

तेव्हा तार की बिनतार, या वादात फार पडू नये. घाई असेल, ऊन असेल, तर तार बरी. रात्री हवेशीर टेबलावर, सरळ ठेवून, सावकाश भरायचा असेल, तर चकतीही चालेल. निवाडा करायला आपल्यापाशी एक साधे उपकरण आहे, आपला तळहात. फोन हातात घ्यावा. कोमट असेल तर राहू द्यावा, चटका बसत असेल तर काढून ठेवावा. घरात कुणाचे अंग तापले की आपण कपाळावर हात ठेवून पाहतो, त्याहून अवघड असे यात काही नाही.