सादरीकरणातील दुवा आणि पुरावा

जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांवर आमच्या विद्यार्थ्यांनी एक सादरीकरण तयार केले होते. लेण्याद्रीच्या ज्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे, ते मुळात भिक्खूंचे निवासस्थान, म्हणजे विहार होय. मधोमध मंडप आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या, असे एका स्लाइडवर लिहिले होते. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान असल्याचे तेथील ब्राह्मी लेख सांगतो. त्या लेखाचे छायाचित्र व वाचन ‘आधार’ या शब्दामागे दुव्याने जोडले होते.

नारायणगावजवळच्या एका गावातील कार्यक्रमात एका वडीलधाऱ्या श्रोत्यांनी विचारले, “बाळा, याला आधार काय?” विद्यार्थिनीने त्या शब्दावर क्लिक केले. फाइल सापडत नाही, एवढाच संदेश पडद्यावर उमटला. फाइल शाळेच्या संगणकातच राहिली होती. पुरावा असूनही मुलगी निरुत्तर झाली. दोष तिचा नव्हता. आम्हीच ते शिकवले नव्हते.

हायपरलिंक ही फाइल नव्हे, फाइलचा केवळ पत्ता होय. शब्द किंवा चित्र निवडून ‘इन्सर्ट’मधील ‘लिंक’ दाबली की सादरीकरण तो पत्ता लक्षात ठेवते. संगणक बदलला, की तो पत्ता निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून दुवे जोडण्यापूर्वीच सादरीकरण व सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि पेन ड्राइव्हवर नेताना तो संपूर्ण फोल्डर न्यावा. संकेतस्थळाचा दुवा तर नेटवर्कवाचून उघडतच नाही. समाजमंदिरात किंवा लेण्याच्या पायथ्याशी त्याची शाश्वती कोणी द्यावी?

फाइलच सादरीकरणाच्या पोटात घालण्याचीही सोय आहे. पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘क्रिएट फ्रॉम फाइल’ या क्रमाने जाऊन फाइल निवडावी. तेथेच ‘लिंक’ नावाची एक चौकट असते आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. तिच्यावर खूण केली, तर पुन्हा पत्ताच जतन होतो. चौकट रिकामी ठेवली, तरच पूर्ण प्रत आत येते. अर्थात सादरीकरण जड होते आणि मूळ फाइलीत पुढे केलेली दुरुस्ती या प्रतीत उतरत नाही. शिलालेखाचे वाचन सुधारले, तरी पडद्यावर जुनेच दिसेल. इतिहासाच्या शिक्षकाला हा धोका लहान वाटू नये. शिवाय पडद्यावर सादर करताना ही फाइल क्लिकने उघडावी, यासाठी ‘ॲक्शन’मध्ये जाऊन ‘ऑब्जेक्ट ॲक्शन’पुढे ‘ओपन’ निवडावे लागते आणि ती उघडणारे सॉफ्टवेअर त्या संगणकावर असावे लागते.

आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो तो तिसरा मार्ग. छायाचित्र थेट शेवटच्या स्लाइडवर लावावे आणि ‘लिंक’मधील ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’ निवडून ‘आधार’ हा शब्द त्या स्लाइडला जोडावा. बाहेरचे काहीच लागत नाही. मराठी फॉन्टही फाइलसोबत जतन करावा, नाहीतर परक्या संगणकावर अक्षरे बदलतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तर मजकूर वाचताच येत नाही.

आता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विद्यार्थी सादरीकरण दुसऱ्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालवतात आणि प्रत्येक दुवा स्वतः दाबून पाहतात. लेण्याद्रीच्या स्लाइडवरील ‘आधार’ दाबला, की सुलसदत्ताचा लेख समोर येतो. त्याखाली ‘परत’ असे छोटे बटण आहे.