टोपी बाजारातून जयविलासला

ग्वाल्हेरला गेलात तर फक्त किल्ला बघून परतू नका. लष्कर भागातल्या टोपी बाजारातून, महाराज बाड्यावरून रिक्षा करा आणि थेट जयविलास महाल गाठा.

जयाजीराव शिंदे यांनी हा महाल 1874 मध्ये पूर्ण केला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कोरिंथियन शैलीतला. त्यामुळे बाहेर हिरवळीवर उभं राहून मजल्यागणिक खांब निरखा. बागही युरोपीय वळणाची, आखीवरेखीव. तिथे घाई करू नका.

आत खरा मुक्काम दरबार हॉलमध्ये. प्रत्येकी साधारण साडेतीन टनांची दोन झुंबरं! छत वजन पेलेल का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. पायाखालचा प्रचंड गालिचा मात्र ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला. सगळे वर बघत असतात, तुम्ही जरा खालीही बघा. जेवणघरात टेबलावरच्या रुळांवर चांदीची छोटी आगगाडी आहे. ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरायची.

विजयाराजे शिंदे यांनी पती जिवाजीरावांच्या स्मरणार्थ 1964 मध्ये इथे संग्रहालय सुरू केलं. 2022 पासून मराठ्यांच्या इतिहासाचं स्वतंत्र दालनही आहे. मराठी माणसाने त्यासाठी निवांत वेळ ठेवावाच. लहान मुलं सोबत असतील तर आधी आगगाडी दाखवा.

जवळच फूलबाग आहे. राणी लक्ष्मीबाईंची समाधी तिथेच; दर्शन घेतल्याशिवाय निघू नका.