दुसरा पडदा दिसत नाही, त्यात उबंटूचा दोष किती?

उबंटू ही फक्त पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांची प्रणाली, असं अजूनही अनेकांना वाटतं. पण न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५ मध्ये सुरू झाला आणि देशभरातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांच्या कामात उबंटू आलं. बिलोलीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात दुसऱ्या मॉनिटरची गरजही खरी आहे. जमिनीचा दावा म्हटला की निजामकाळातला उर्दू दस्त, त्याचा मराठी तरजुमा, सातबारा, फेरफार असं सगळं एकदम डोळ्यांसमोर लागतं. एका पडद्यावर दस्ताची स्कॅन प्रत आणि दुसऱ्यावर मसुदा असला, तर गट नंबर उतरवताना खिडक्या मागेपुढे कराव्या लागत नाहीत. चुकाही कमी होतात.

पण "लिनक्सवर दोन मॉनिटर चालवायचे तर कमांड पाठ पाहिजेत" हे ऐकून बरेच जण माघार घेतात. एकेकाळी ते खरं होतं. सेटिंगची फाइल हातानं लिहावी लागायची. २००७ मध्ये लिनक्सवर पडदे हाताळणारं रँडआर १.२ आलं आणि संगणक चालू असतानाच पडदा जोडता-काढता येऊ लागला. आज केबल लावा, सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा आणि 'जॉइन' निवडा. मग दोन्ही चौकोन टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे ओढून लावा. ते उलटे राहिले तर माउस उजवीकडे नेल्यावर अडतो आणि लोकांना वाटतं मॉनिटर बिघडला.

पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते स्प्लिटरवर. दुकानात "एकाचे दोन होतात" म्हणून एचडीएमआय स्प्लिटर दिला जातो. दोन होतात हे खरं, पण दोन्हींवर एकच चित्र दिसतं. स्प्लिटर सिग्नलची नक्कल करतो, नवा पडदा तयार करत नाही, आणि कुठलीही प्रणाली बसवली तरी त्यात फरक पडत नाही. वेगळं चित्र हवं तर संगणकाचं दुसरं आउटपुट वापरायला हवं.

त्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं असंही नाही. इंटेलच्या २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच तीन पडद्यांपर्यंत चालवू शकतं. कॅबिनेटच्या मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतील तर बहुधा तेवढ्यावर काम भागतं. मात्र वेगळं कार्ड बसवलेलं असेल, तर मदरबोर्डवरची आउटपुट अनेकदा बायोसमधून आपोआप बंद होतात. अशा वेळी दोन्ही केबल कार्डलाच लावाव्यात.

केबलचा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. एचडीएमआय डिजिटल आहे आणि व्हीजीए ॲनालॉग. म्हणून जुन्या मॉनिटरला जोडताना मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसती तार जोडून चित्र येत नाही. चित्र आलं, पण १०२४ बाय ७६८ च्या पुढे जाईना, तर लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नका. मॉनिटर आपली क्षमता व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून संगणकाला कळवतो. स्वस्त केबलमध्ये या तारा कधी कधी नसतातच. तसं असेल तर संगणक अंदाजानं लहान चित्र देतो. आधी केबल बदलून पाहा.

इथे काही जण जुन्या लेखातली एक्सरँडआर आज्ञा टाइप करतात आणि ती चालली नाही की वैतागतात. उबंटू २१.०४ पासून बहुतेक संगणकांवर वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या पद्धतीचं सत्र आपोआप सुरू होतं, आणि त्यात या आज्ञेनं पडद्याची सेटिंग बदलत नाही. डिस्प्ले सेटिंग्जमधूनच बदल करा. वेलँडचा फायदाही आहे: दोन मॉनिटरवर अक्षरांचा आकार वेगवेगळा ठेवता येतो.

आणखी एक तक्रार हमखास कानावर येते: वर्कस्पेस बदललं तरी दुसऱ्या पडद्यावरची खिडकी हलत नाही. तो बिघाड नाही. उबंटूच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये वर्कस्पेस मूळ सेटिंगनुसार फक्त मुख्य पडद्यापुरतं असतं. टंकलेखकासाठी तर ही सोयच आहे, कारण दस्त जागेवर राहतो आणि कामाचा पडदा तेवढा बदलतो. नकोच असेल तर मल्टिटास्किंगच्या सेटिंगमध्ये बदलता येतं.

दुसऱ्या मॉनिटरनं संगणक मंदावतो, ही भीतीही अनाठायी. फुल एचडी पडद्याच्या एका पूर्ण चित्राला सुमारे ८ एमबी मेमरी पुरते. मसुदे आणि पीडीएफच्या कामात फरक जाणवत नाही. यूपीएसवर मात्र थोडा भार वाढतो. बावीस इंची एलईडी मॉनिटर साधारण २०–२५ वॅट घेतो, म्हणून लाइट गेल्यावर लिहिलेलं सेव्ह करायला वेळ पुरावा असं वाटत असेल तर दुसरा मॉनिटर यूपीएसच्या बाहेरच्या प्लगला लावा.