मुष्टियुद्ध : अजिंक्यपदाचे गुणनिर्णय

मुष्टियुद्धाच्या लढतीत दोहोंपैकी कोणीही बाद न झाल्यास फेऱ्यांतील कामगिरीच्या गुणांवरून विजेता ठरवितात; या निर्णयास गुणनिर्णय म्हणतात. हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनी गटातील जागतिक अजिंक्यपदाच्या लढतींत असे निर्णय वारंवार वादाचे विषय झाले आहेत. शर्यतीतील घड्याळ किंवा फुटबॉलमधील गोल यांसारखे निर्विवाद माप मुष्टियुद्धात नाही. त्यामुळे चुरशीच्या लढतीविषयीचा वाद बहुधा रिंगणात काय घडले यासंबंधी नसतो. जे घडले त्याचे मोल कसे करावे यासंबंधी असतो. हे मोल गुणदानाच्या पद्धतीवर अवलंबून असल्याने पद्धती बदलली, की त्याच लढतीचा निकालही बदलू शकतो.

पूर्वपीठिका : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडमधील उघड्या मुठींच्या लढती सामान्यतः एक प्रतिस्पर्धी लढण्यास असमर्थ होईपर्यंत चालत, तेथे गुणांचा प्रश्न उद्‌भवत नसे. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी व दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिटाची विश्रांती या गोष्टी रूढ केल्या. पुढे फेऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हा दोघेही शेवटपर्यंत उभे राहिल्यास विजयी कोण, हे ठरविणे प्राप्त झाले. न्यूयॉर्क राज्यात १९११ ते १९१७ या काळात अंमलात असलेल्या फ्रॉली कायद्याने अधिकृत गुणनिर्णयास मनाई केली होती. साहजिकच लढतीचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून वार्ताहरच देत आणि त्यांची मते परस्परविरोधीही असत. १९२० च्या वॉकर कायद्याने पंधरा फेऱ्यांची मर्यादा व परीक्षकांचा अधिकृत निर्णय या दोहोंना मान्यता दिली.

गुणदानाच्या पद्धती : न्यूयॉर्कमध्ये दीर्घकाळ फेऱ्यांची मोजणी रूढ होती, ज्याने अधिक फेऱ्या जिंकल्या, तो विजेता. ब्रिटनमध्ये परीक्षक नसत. रिंगणातील पंच एकटाच गुण देई व त्यात पाव गुणाचाही वापर होई. १६ मार्च १९७१ रोजी लंडनमधील वेम्बली येथे ब्रिटिश, राष्ट्रकुल व यूरोपीय हेवीवेट अजिंक्यपदांच्या लढतीत हेन्री कूपर हा जो बग्नरकडून ७३½ विरुद्ध ७३¾ अशा केवळ पाव गुणाने पराभूत झाला. सतरा वर्षांची कारकीर्द त्याने त्याच रात्री संपविली. या निर्णयावरील वाद ब्रिटनमध्ये अनेक वर्षे चालू राहिला.

आज सार्वत्रिक झालेल्या दशगुण पद्धतीत प्रत्येक फेरीच्या विजेत्यास १० व पराभूतास ९ किंवा त्याहून कमी गुण मिळतात. एकदा खाली पडलेल्या मुष्टियोद्ध्याचा आणखी एक गुण जातो व फेरी सामान्यतः १०–८ अशी नोंदविली जाते. स्वच्छ व परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगणावरील वर्चस्व आणि बचाव हे चार निकष सर्वसाधारणपणे मानले जातात. त्यांपैकी कोणत्या निकषाला किती वजन द्यावे, हे अंकांत सांगितलेले नाही. पुढे सरसावणाऱ्याला झुकते माप देणारा परीक्षक आणि मागे सरत नेमके ठोसे मारणाऱ्याची कदर करणारा परीक्षक हे दोघेही प्रामाणिक असू शकतात. शिवाय परीक्षक रिंगणाच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एकाला दिसलेला ठोसा दुसऱ्याच्या दृष्टीने मुष्टियोद्ध्याच्या किंवा पंचाच्या पाठीआड गेलेला असतो.

याहून महत्त्वाची उणीव गणिती आहे. केसभर फरकाने जिंकलेली फेरी व निर्विवादपणे जिंकलेली फेरी या दोन्ही बहुधा १०–९ अशाच नोंदविल्या जातात. बारांपैकी सात फेऱ्या निसटत्या फरकाने जिंकणारा व पाच फेऱ्यांत मार खाणारा मुष्टियोद्धा नियमाप्रमाणे विजयी ठरतो. पाहणाऱ्याच्या मनावर मात्र त्या पाच फेऱ्यांचाच ठसा उरतो. प्रेक्षक लढत सलगपणे आठवतो, परीक्षक ती तुकड्यातुकड्यांनी मोजतो.

प्रमुख वादग्रस्त लढती : ५ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जर्सी जो वॉलकॉटने जगज्जेता जो लुई यास पहिल्या व चौथ्या फेरीत खाली पाडले. परीक्षकांनी लुईस ९–६ व ८–६ (एक फेरी समान) असे विजयी ठरविले. पंचाने मात्र ७–६ (दोन फेऱ्या समान) असा कौल वॉलकॉटला दिला. निर्णय जाहीर होण्यापूर्वीच लुई रिंगणाबाहेर निघाला होता. पहिली व चौथी या दोन्ही फेऱ्या तिघांनीही वॉलकॉटला दिल्या, असे धरून याच गुणपत्रिका दशगुण पद्धतीने मांडल्यास लुई १४२–१४१, बरोबरी १४२–१४२ आणि वॉलकॉट १४४–१४१ असे आकडे येतात. म्हणजे लढत बरोबरीत सुटली असती. बरोबरीत पद जगज्जेत्याकडेच राहते, त्यामुळे लुईचे अजिंक्यपद अबाधित राहिले असते. पण वॉलकॉटच्या नावावर पराभव लागला नसता. जून १९४८ मधील दुसऱ्या लढतीत लुईने त्याला अकराव्या फेरीत बाद केले. वॉलकॉटला अजिंक्यपद लाभले ते १९५१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी.

याच्या उलट उदाहरण १ डिसेंबर २०१८ च्या लॉस अँजेल्स येथील डिऑन्टे वाइल्डर व टायसन फ्यूरी यांच्या लढतीचे आहे. नवव्या व बाराव्या फेरीत खाली पडूनही फ्यूरी उठून लढला. एका परीक्षकाने वाइल्डरला ११५–१११, दुसऱ्याने फ्यूरीला ११४–११२ असे विजयी ठरविले, तर तिसऱ्याने ११३–११३ अशी बरोबरी दिली. त्यामुळे लढत अनिर्णित राहिली. फेऱ्यांच्या जुन्या मोजणीने यांतील दोन गुणपत्रिका फ्यूरीच्या बाजूने ८–४ व ७–५ अशा होतात आणि तो जगज्जेता ठरला असता. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे ओलेक्सांडर उसिकने फ्यूरीवर ११५–११२, ११३–११४, ११४–११३ असा २–१ मतांचा विजय मिळविला. नवव्या फेरीत फ्यूरीला खाली पाडल्याचा जादा गुण वजा केल्यास ही लढतही बरोबरीची ठरते.

केन नॉर्टनच्या वाट्याला अशा निसटत्या निर्णयांची कटुता विशेष आली. १९७३ मध्ये त्याच्या व मुहंमद अलीच्या दोन लढतींत दोघांनी एकेक विजय मिळविला होता. २८ सप्टेंबर १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर अजिंक्यपदासाठी झालेल्या तिसऱ्या लढतीत अली ८–७, ८–७ व ८–६ (एक फेरी समान) असा विजयी झाला. आपण आघाडीवर आहोत, अशा समजुतीने नॉर्टन शेवटच्या फेरीत सावधपणे लढला आणि तीच फेरी निर्णायक ठरली. १९७८ मध्ये जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने त्याला लढतीविना अजिंक्यपद बहाल केले. परंतु ९ जून १९७८ रोजी लास व्हेगासमध्ये लॅरी होम्सने तिन्ही गुणपत्रिकांवर एकेका गुणाचाच फरक असलेल्या २–१ निर्णयाने ते हिरावून घेतले. रिंगणात जिंकलेले जागतिक अजिंक्यपद नॉर्टनला कधीच मिळाले नाही.

परीक्षकांचे एकमत झाले, म्हणजे त्यांनी एकच लढत पाहिली असेही नव्हे. ८ मार्च १९७१ च्या लढतीत तिघांनीही जो फ्रेझरला अलीवर विजयी ठरविले. त्यांच्या गुणपत्रिका मात्र ८–६ (एक फेरी समान), ९–६ व ११–४ इतक्या भिन्न होत्या.

निसटता निर्णय व सदोष निर्णय यांत भेद करणे आवश्यक आहे. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेनॉक्स लूइसने इव्हँडर होलिफील्डला ३४८ ठोसे मारले व १३० खाल्ले, अशी नोंद ठोसे मोजणाऱ्या संस्थेने केली. तरीही एका परीक्षकाने होलिफील्डला ११५–११३ असे विजयी ठरविले व दुसऱ्याने बरोबरी दिली. लूइसचे वर्चस्व स्पष्ट असलेली पाचवी फेरीही पहिल्या परीक्षकाने होलिफील्डला दिली होती. लढत अनिर्णित ठरल्याने प्रक्षोभ उसळला व न्यूयॉर्क राज्यात चौकशी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लूइस एकमताने विजयी झाला. ठोशांची संख्या त्यांचा जोर सांगत नाही, हे खरे. परंतु इतकी मोठी तफावत निकषांच्या भिन्न आकलनाने उलगडत नाही.

उपाय व मर्यादा : ऑलिंपिक मुष्टियुद्धात १९९२ पासून यंत्राची कळ दाबून ठोसे मोजण्याची पद्धती आली; पाचांपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदात कळ दाबल्यासच गुण मिळे. तीत जोड-ठोसे व शरीरावरील ठोसे दुर्लक्षित होत, अशी टीका झाली व २०१३ मध्ये तेथेही दशगुण पद्धती स्वीकारण्यात आली. जागतिक मुष्टियुद्ध परिषदेच्या काही लढतींत चौथ्या व आठव्या फेरीनंतर गुण जाहीर करतात. त्यामुळे नॉर्टनसारखी गैरसमजूत टळते. परंतु आघाडीवरील मुष्टियोद्धा लढणे टाळण्याची शक्यताही वाढते. १९८० नंतरच्या दशकात अजिंक्यपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. मुष्टियोद्ध्यांच्या सुरक्षिततेसाठी हा बदल इष्टच होता. तथापि सम संख्येमुळे ६–६ अशी समान विभागणी शक्य झाली.

आव्हानवीराने जगज्जेत्याचे पद ‘स्पष्टपणे’ हिरावून घेतले पाहिजे, हा लोकप्रिय समज गुणदानाच्या निकषांत कोठेही आढळत नाही. प्रत्येक फेरी दोघांनाही समान पातळीवर सुरू होते. एका गुणाने अजिंक्यपद, पुढील लढतींचे मानधन व इतिहासातील स्थान ही सर्व बदलत असल्याने गुणपत्रिका त्वरित प्रसिद्ध करणे, परीक्षकांच्या नेमणुका आयोजकांच्या प्रभावापासून मुक्त ठेवणे आणि त्यांच्याकडून निर्णयाचे स्पष्टीकरण घेणे या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. त्यांमुळे सदोष निर्णय कमी होऊ शकतील. निसटते निर्णय मात्र वादग्रस्तच राहतील, कारण त्यांतील अनिश्चितता मोजणाऱ्यांत नसून मोजमापाच्या स्वरूपातच आहे.