भरुकच्छांत उतरलेला माल देशावर कसा येई?

परदेशचा माल एखाद्या मुलखांत नव्यानें येऊं लागला म्हणजे इतिहासकारांचें लक्ष बहुधा जहाजांकडे जातें. जहाज कोठून निघालें, काय घेऊन आलें आणि काय घेऊन गेलें, एवढें समजलें कीं व्यापाराचा इतिहास पुरा झाला असें मानण्याची चाल आहे. परंतु धक्क्यावर उतरलेला माल हा कांहीं विकलेला माल नव्हे. तो उतरवून घेणारा, त्याचें मोल ठरविणारा, त्याच्या बदल्यांत कोणतें नाणें द्यावयाचें हें सांगणारा आणि गाड्यांत घालून घाटावर नेणारा असा निराळाच वर्ग लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन साम्राज्यांतील माल भरुकच्छाच्या बंदरांतून दक्षिणापथांत कसा पसरला, याचा ह्या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या विषयाचें मुख्य साधन म्हणजे ‘पेरिप्लस’ नांवाचा ग्रीक ग्रंथ. ईजिप्तमध्यें राहणाऱ्या एका ग्रीक भाषी व्यापाऱ्यानें तो पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिला. त्याचें नांव आपणांस उपलब्ध नाहीं. ग्रंथ लहान, अवघीं ६६ कलमें. परंतु कवीनें किंवा दरबारी पंडितानें लिहिलेला नसून धंद्यांतील माणसानें धंद्यांतील माणसांसाठीं लिहिलेला असल्यामुळें त्याचें मोल फार आहे. मॅक्रिंडलनें १८७९ सालीं, शॉफनें १९१२ सालीं व कॅसननें १९८९ सालीं त्याचीं इंग्रजी भाषांतरें प्रसिद्ध केलीं.

(१) बंदरांतील व्यवस्था

भरुकच्छ, ग्रीकांचें बॅरिगाझा, हें नर्मदेच्या मुखापासून बरेंच आंत आहे. खाडींत उथळ वाळूचे बांध, आणि भरती इतक्या वेगाची कीं अनोळखी जहाज क्षणांत आडवें व्हावें. पेरिप्लसकार सांगतो कीं, राजाच्या चाकरींतील स्थानिक कोळी ‘त्रप्पग’ व ‘कोटिंब’ नांवाच्या लांब होड्या घेऊन पार सुराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना भरतीच्या बळावर, ठरलेल्या जागीं थांबत थांबत, बंदरांत आणून सोडीत. हें काम राजाच्या पदरीं असलेल्या माणसांकडून होत होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ह्या प्रांताचा राजा म्हणून ग्रंथांत ज्याचें नांव येतें तो क्षहरात नहपान होय, असें बहुतेक विद्वान मानतात.

कौटिलीय अर्थशास्त्राशीं हें ताडून पाहण्याजोगें आहे. परदेशी माल आणणाऱ्यांवर अनुग्रह करून त्यांना आकर्षून घ्यावें, असा उपदेश त्यांत पण्याध्यक्षाच्या प्रकरणांत आहे. स्वदेशी मालावर शेंकडा ५ नफा घेऊं द्यावा तर परदेशी मालावर शेंकडा १०, असाही भेद त्यांत केला आहे. मात्र आयात मालावर सामान्यतः मूल्याच्या पांचव्या भागाइतकें शुल्क सांगितलें आहे. तुलनेसाठीं सांगावयाचें तर रोमन सरकार पूर्वेकडून येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा घेत असे. अनुग्रह आणि जकात हीं दोन्हीं एकाच हातांत असलीं म्हणजे बाजार कोणत्या बंदरांत भरावा हें राजाला ठरवितां येतें. याचा प्रत्यय पुढें कल्याणच्या बाबतींत येईल.

(२) काय खपे, काय न खपे

भरुकच्छांत खपणाऱ्या मालाची यादी ग्रंथांत दिली आहे. तींत प्रथम मद्य, त्यांतही इटलीच्या मद्याला अधिक मागणी; नंतर तांबें, कथील, शिसें, पोंवळें, पुष्परागासारखा एक खडा, साधें व तलम कापड, हातभर रुंदीचे रंगीबेरंगी पट्टे, शिलारस, ओबडधोबड कांच, मनशीळ, सुरमा, आणि फार महाग नसलेलें सुगंधी तेल. राजासाठीं आणावयाच्या वस्तूंची यादी निराळी: रुप्याचीं मौल्यवान भांडीं, गाणारीं मुलें, अंतःपुरासाठीं सुंदर दासी, उंची मद्य, तलम वस्त्रें आणि उत्तम सुगंध. माणसेंही मालांत मोजलीं जात, ही त्या काळची रीति येथें उघडी पडते.

मलबारांतील मुझिरिस बंदराची यादी याच्याशेजारीं ठेविली असतां मौज दिसते. तेथें नाण्यांना सर्वांत मोठी मागणी आणि मद्याला थोडी. म्हणजे ‘हिंदुस्थानचा बाजार’ असा एक बाजार नव्हताच. प्रत्येक बंदराची आवड निराळी होती आणि चांगल्या व्यापाऱ्याला ती ठाऊक असावी लागे.

भरुकच्छांत रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं देऊन तेथील नाणीं घेतलीं असतां बट्ट्यांत फायदा होतो, असें पेरिप्लसकार नमूद करितो. नाणेंही तेथें एक मालच होतें. दक्षिणेंत कोइमतूरकडे रोमन नाण्यांचे मोठे सांठे सांपडतात. आपल्या देशावर तसे विपुल सांपडत नाहींत. येथें आलेलें रुपें आटवून त्याचीं स्थानिक नाणीं पाडलीं गेलीं असावीं, हें अनुमान या फायद्याच्या उल्लेखाशीं जुळतें. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक नाणीं मिळालीं, त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हा आपला छाप मारलेला आहे. राज्य पालटलें, परंतु चलन तेंच राहिलें. त्याशिवाय बाजार चालता ना.

(३) गाडीवाट

पैठण हें भरुकच्छाच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर व तगर हें पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर, असें ग्रंथकार म्हणतो. पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे आणि तगराहून साधें कापड, मलमल वगैरे माल वाट नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून गाड्यांनीं भरुकच्छास येई. तगर कोणतें याविषयीं पूर्वीं मोठा वाद होता. भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर सुचविलें होतें, रा. गो. भांडारकरांनीं धारूर. फ्लीटनें १९०१ सालीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच तगर असें प्रतिपादिलें व तेंच आतां मान्य झालें आहे.

नकाशावर सरळ रेषेनें मोजलें असतां भरुचहून पैठण सुमारें २२० मैल व पैठणहून आग्नेयेस तेर सुमारें ९५ मैल भरतें. पहिल्या टप्प्यांत रोज ११ मैल, दुसऱ्यांत साडेनऊ. वळणें धरून भरलेल्या बैलगाडीची चाल याहून फार निराळी नसते. उलट जुन्नर पैठणच्या पश्चिमेस पडतें. आंकडे लिहिणाऱ्यानें गाडीवानांकडून ऐकून लिहिले असावेत, असें आम्हांस वाटतें.

ह्या वाटेवरील सोयी कोणीं केल्या? नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचे लेख याचें उत्तर देतात. नहपानाच्या ह्या जांवयानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधल्या. आणि ईबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट तरी ठेविल्या. हें सर्व पुण्यार्थ खरें. परंतु ज्या तरीनें भिक्षु पार होई तिनेंच पोंवळ्यांची पेटीही पार होई. त्याच लेखांत गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें आणि दुसरीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्यानें कायम ठेव म्हणून ठेविल्याची नोंद आहे. एका सुवर्णाचे ३५ कार्षापण हा दरही तेथेंच मिळतो. परतीच्या जहाजांत जें सुती कापड भरलें जाई, तें विणणाऱ्यांना भांडवल कोठून मिळे याचा हा एक लेखी पुरावा होय.

(४) कल्याणचें दैव

कल्याण हें थोरल्या सातकर्णीच्या काळीं कायदेशीर व्यापाराचें बंदर झालें होतें, परंतु पुढें ‘संदनेस’ त्याचा स्वामी झाल्यावर तेथील व्यापार अडविण्यांत आला. चुकून तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भरुकच्छास नेलीं जात, असें पेरिप्लसकार लिहितो. आमच्या मतें साऱ्या ग्रंथांत महाराष्ट्राच्या दृष्टीनें ह्याहून महत्त्वाचें वाक्य नाहीं. कल्याणहून नाणेघाट चढलें कीं जुन्नर. भरुकच्छाच्या वाटेपुढें ही वाट किती जवळची! ती बंद झाल्यावर घाटमाथ्यावरील गिऱ्हाईक नाहींसें झालें नाहीं. त्याला तोच माल लांबच्या वाटेनें, अधिक जकाती देऊन आणि शत्रूच्या हातून घ्यावा लागला असला पाहिजे. क्षत्रप व सातवाहन यांच्या झगड्याला आपण कुलाभिमानाचें युद्ध समजतों. त्याच्या मुळाशीं हा जकातीचा प्रश्नही होता हें विसरूं नये. दुसऱ्या शतकांतील कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून दिसतात, त्यावरून बंदर पुन्हा नांदूं लागलें असें अनुमान निघतें.

(५) पुरावा किती ताणावा

कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत पोसायडन देवाची कांस्यमूर्ति सांपडली. तेर येथें रोमन नाण्यांचीं मातीचीं अनुकरणें मिळालीं. उलट बाजूनें, ७९ सालीं ज्वालामुखीखालीं गाडल्या गेलेल्या पाँपे शहरांत १९३८ सालीं हिंदी घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. तिच्याशीं साम्य असलेल्या मूर्ति तेर व भोकरदन येथें आढळल्या आहेत. परंतु प्रत्येक खापर रोमन ठरविण्याचा उत्साह आवरला पाहिजे. रॉबर्टा टॉम्बर यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील खापरें पुन्हा तपासून दाखविलें आहे कीं, पूर्वीं रोमन मद्यकुंभ म्हणून नोंदलेलीं कित्येक खापरें मेसोपोटेमियांतील कुंभांचीं आहेत. प्लिनीनें हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो असा आक्रोश केला आहे. तोही हिशेबनीसाचा आंकडा म्हणून नव्हे, चैनीवर टीका करणाऱ्याचा म्हणून वाचावा.

एवढ्यावरून निष्कर्ष असा निघतो. परदेशी व्यापारी माल घेऊन आला, पण तो बहुधा बंदराशींच थांबला. कार्ले व जुन्नर येथें यवन म्हणविणारे दाते आहेत, परंतु कार्ल्याच्या सिंहध्वजासारखीं त्यांचीं नांवेंही हिंदी वळणाचीं झालेलीं आहेत. जो आंत आला तो येथलाच होऊन राहिला. माल देशावर पसरविला तो येथील कोळ्यांनीं, सराफांनीं, गाडीवानांनीं आणि श्रेणींनीं. राजांचीं नांवें नाण्यांवर राहिलीं. ह्या लोकांचीं राहिलीं असतील तर तीं लेण्यांच्या खांबांवर आणि टांक्यांच्या कडांवर. दानलेख वाचतांना धर्माबरोबर धंद्याचीही नोंद आपण घेत गेलों, तर ह्या इतिहासाचें दुसरें अंग पुरें होईल.